हवा फुकट, दाब विकत
जीपगाडीत काँप्रेसर बसवण्यामागचे भौतिकशास्त्र



रस्त्याच्या कडेला पंक्चर काढणाऱ्याच्या दुकानात लोखंडी टाकीवर बसवलेला, पट्ट्याने फिरणारा काँप्रेसर तुम्ही नेहमी पाहता. दुकानदार विचारतो, "किती टाकू?" आपण म्हणतो, "तीस." मिनिटभरात काम होते आणि आपण निघतो. आता अशी कल्पना करा, की हे दुकान चाळीस किलोमीटर दूर आहे. तुमची जीप जैसलमेरजवळच्या वाळूच्या टेकड्या ओलांडून नुकतीच डांबरी सडकेला लागली आहे. चारही टायरांतील हवा कमी आहे, आणि ती दुसऱ्या कोणी नव्हे, तर तुम्हीच सकाळी मुद्दाम सोडून दिली होती.

अशा प्रसंगासाठी काही गाड्यांत छोटा काँप्रेसर, म्हणजेच हवा दाबून भरणारा संपीडक, कायमचा बसवलेला असतो. तो गाडीच्याच बॅटरीवर चालतो. बाजारातून यंत्र आणायचे, चार बोल्ट आवळायचे, दोन तारा जोडायच्या, की झाले, असे वरवर पाहता वाटते. परंतु तो कोठे बसवावा, तार किती जाड घ्यावी, फ्यूज कोठे असावा, टाकी हवी की नको, या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर तुमच्या भौतिकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात आहे. ते चुकले तर यंत्र जळते. फारच चुकले तर गाडीही जळते. म्हणून आज आपण हे काम पान्याने नव्हे, तर कागद-पेन्सिलीने करून पाहू.

वाळूत हवा सोडायची कशाला?

आपल्या जीपचे वजन १,८०० किलोग्रॅम आहे असे समजू. प्रत्येक चाकावर ४५० किलोग्रॅमचा, म्हणजे सुमारे ४,४१० न्यूटनचा भार येतो. टायर हा हवेने भरलेला फुगा आहे. त्याचा जमिनीला टेकलेला भाग सपाट होतो, आणि तेथे जमिनीवर पडणारा दाब हा आतील हवेच्या दाबाएवढाच असतो, असे ढोबळमानाने म्हणता येते.

दुकानदाराचे "तीस" म्हणजे दर चौरस इंचाला ३० पौंड, अर्थात दर चौरस मीटरला सुमारे २ लाख ७ हजार न्यूटन. भाराला दाबाने भागले की टेकलेल्या भागाचे क्षेत्रफळ मिळते : सुमारे २१३ चौरस सेंटिमीटर. दाब १५ वर आणला की हेच क्षेत्रफळ दुप्पट, म्हणजे ४२६ चौरस सेंटिमीटर होते. (टायरच्या बाजूंच्या ताठपणामुळे प्रत्यक्षात थोडा फरक पडतो.) भार तोच, पण तो दुप्पट जागेवर वाटला गेल्यामुळे वाळूवरचा दाब निम्मा होतो आणि चाक रुतत नाही. उंटाचा पसरट तळवा हेच काम करतो.

ही युक्ती पद्धतशीरपणे वापरणाऱ्यांत राल्फ बॅग्नोल्ड या ब्रिटिश लष्करी अभियंत्याचे नाव अग्रभागी आहे. १९२९ ते १९३२ या काळात त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी इजिप्त व लिबिया यांच्या वाळवंटात मोटारींनी लांबलांबचे प्रवास केले. टायरांतील दाब कमी करणे आणि रुतलेल्या चाकांखाली पोलादी पट्ट्या घालणे या त्यांच्या नेहमीच्या क्लृप्त्या होत्या. पुढे बॅग्नोल्डने वाऱ्याने वाहणाऱ्या वाळूचा प्रयोगशाळेत अभ्यास केला आणि १९४१ मध्ये त्यावर लिहिलेला त्याचा ग्रंथ आजही प्रमाण मानला जातो. मंगळावरील वाळूच्या टेकड्यांच्या एका प्रदेशाला त्याचे नाव दिलेले आहे.

दाब कमी केलेला टायर वाळूत गुणी असला, तरी डांबरी सडकेवर तो धोक्याचा. प्रत्येक फेऱ्यात त्याच्या बाजू अधिक वाकतात आणि पुन्हा सरळ होतात. रबर वाकवताना दिलेली सगळी ऊर्जा ते परत देत नाही. काही भाग उष्णतेच्या रूपाने रबरातच राहतो. वेग वाढला की दर सेकंदाचे वाकणे वाढते, टायर तापतो आणि शेवटी फाटतो. म्हणून वाळू संपली की वेगाने निघण्यापूर्वी हवा भरलीच पाहिजे.

नेमकी किती हवा हवी?

प्रथम टायरच्या आतील पोकळीचे आकारमान काढू. बाहेरची त्रिज्या ३८ सेंटिमीटर, रिमची त्रिज्या २० सेंटिमीटर आणि रुंदी २० सेंटिमीटर धरली, तर मोठ्या वर्तुळचितीतून लहान वर्तुळचिती वजा करून सुमारे ६५ लिटर उत्तर येते. रबराची जाडी आणि गोलाई यांसाठी थोडे सोडून आपण ६० लिटर धरू.

येथे एक खाचखळगा आहे. दाबमापकाचा काटा १५ दाखवतो तेव्हा तो वातावरणापेक्षा किती जास्त दाब आहे, एवढेच सांगतो. वातावरणाचा दाब स्वतः सुमारे १५ पौंड (अधिक अचूक १४.७) असतो. म्हणजे काटा १५ वर असताना आतील खरा, म्हणजे केवल दाब ३० पौंड किंवा २ वातावरणे असतो. काटा ३० वर असताना तो ३ वातावरणे असतो. सकाळी काट्यावरचा दाब निम्मा झाला, पण हवा मात्र एक तृतीयांशच बाहेर गेली! बॉईलच्या नियमाचे गणित करताना नेहमी केवल दाबच घ्यायचा, हे ध्यानात ठेवावे.

आता २ वातावरणांचे ३ करायचे, म्हणजे ६० लिटरच्या पोकळीत बाहेरची ६० लिटर हवा आणखी कोंबायची. चार टायर मिळून २४० लिटर. सायकलच्या पंपाचा व्यास ३ सेंटिमीटर आणि दट्ट्याची चाल ४० सेंटिमीटर असेल, तर एका चालीत ०.२८ लिटर हवा जाते. म्हणजे दांडा किमान साडेआठशे वेळा दाबावा लागेल, आणि तोही भर उन्हात!

काँप्रेसर विकत घेताना त्याच्या खोक्यावर "१५० पौंड दाब" असे ठळक अक्षरांत छापलेले असते. आपल्याला ३० पुरे आहेत. तेव्हा या आकड्याला भुलू नये. खरा प्रश्न असा, की टायरातील दाबाविरुद्ध ते यंत्र दर मिनिटाला किती लिटर हवा ढकलते? दहा लिटर ढकलणाऱ्याला २४ मिनिटे लागतील, चाळीस लिटर ढकलणाऱ्याला ६ मिनिटे. आपण दुसरे यंत्र निवडू आणि ते २० अँपिअर विद्युत प्रवाह घेते असे धरू.

दाबाची किंमत

हवा सगळीकडे फुकट आहे. दाब मात्र विकत घ्यावा लागतो, आणि त्याची किंमत ऊर्जेत मोजावी लागते.

इंजिन चालू असताना गाडीतील विद्युत दाब सुमारे १३ व्होल्ट धरला, तर काँप्रेसर १३ × २० = २६० वॉट शक्ती घेतो. यातली हवा दाबण्याच्या कामी किती येते? दर मिनिटाला ४० लिटर हवा १ वातावरणावरून ३ वातावरणांवर नेण्यास, उष्णता बाहेर पडायला वेळच मिळत नाही असे धरल्यास, सुमारे ८७ वॉट शक्ती पुरते. उरलेले जवळजवळ १७० वॉट घर्षण आणि मोटरच्या वेटोळ्यांतील रोध यांत खर्ची पडून उष्णतेत बदलतात.

सहा मिनिटांत ही उष्णता सुमारे ६१,००० ज्यूल होते. काँप्रेसरचे वस्तुमान ४ किलोग्रॅम आणि त्यातील धातूंची सरासरी विशिष्ट उष्णता दर किलोग्रॅम-अंशाला ५०० ज्यूल धरा. उष्णता बाहेर पडलीच नाही, तर यंत्राचे तापमान सुमारे ३० अंशांनी वाढेल. हे चालण्यासारखे आहे. पण हेच यंत्र न थांबता वीस मिनिटे चालवले, तर वाढ शंभर अंशांच्या घरात जाते! लहान काँप्रेसरला मधूनमधून विसावा द्यावा असे सोबतच्या पुस्तिकेत का लिहिलेले असते, ते आता कळेल. चांगल्या यंत्रात तापमान मर्यादेबाहेर गेले की विद्युत प्रवाह तोडणारा स्विचही असतो.

ही झाली यंत्राची उष्णता. दाबलेली हवा स्वतःही तापते. झटकन दाबलेल्या हवेचे केवल तापमान हे दाबांच्या गुणोत्तराच्या ०.२८६ व्या घाताच्या प्रमाणात वाढते. बाहेर ३०° से. असेल, तर ते ३०३ केल्व्हिन झाले. दाब तिप्पट केला की ते ४१५ केल्व्हिन, म्हणजे १४२° से. होते. दाब आठपट केला, म्हणजे काटा शंभरच्या जरा पुढे नेला, तर हिशोब २७६° से. सांगतो. सिलिंडरच्या भिंतींतून काही उष्णता निसटत असल्यामुळे प्रत्यक्षात आकडा कमी भरतो. तरी सिलिंडरला हात लावू नये, आणि तेथून निघणारी पहिली हातभर नळी साध्या प्लॅस्टिकची नसावी, एवढे त्यावरून नक्की ठरते. उष्णता सोसणारी, वरून तारेचे विणकाम असलेली नळी तेथे वापरतात. पुढे हवा निवली की रबरी नळी चालते.

तारेची जाडी आणि फ्यूजची जागा

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. घरातील २३० व्होल्टवर २६० वॉटचे यंत्र जेमतेम १.१ अँपिअर प्रवाह घेते. गाडीत विद्युत दाब कमी असल्याने तेवढ्याच शक्तीसाठी २० अँपिअर लागतात. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, हा ज्यूलचा नियम तुम्हाला माहीत आहेच. म्हणून "घरात चालते ती तार गाडीत का चालणार नाही?" हा युक्तिवाद फसवा आहे.

बॅटरीपासून काँप्रेसरपर्यंत २ मीटर अंतर असेल, तर जाण्यायेण्याची मिळून ४ मीटर तार झाली. घरातील दिव्यापंख्यांसाठी वापरतात ती दीड चौरस मिलिमीटर छेदाची तांब्याची तार घेतली, तर तिचा रोध सुमारे ०.०४५ ओहम येतो. वीस अँपिअरला ०.९ व्होल्ट तारेतच गळतात आणि १८ वॉट उष्णता तार तापवते. २३० व्होल्टमधून ०.९ व्होल्ट गेले तर कोणाला कळतही नाही. १३ मधून गेले की मोटर मंदावते. सहा चौरस मिलिमीटरची तार घेतली, तर रोध चौथाई होतो, घट ०.२३ व्होल्टवर येते आणि उष्णता साडेचार वॉटवर.

आता फ्यूज. समजा, जीपच्या हादऱ्यांनी तारेचे आवरण पत्र्याच्या कडेला घासून झिजले आणि तांबे गाडीच्या सांगाड्याला टेकले. सांगाडा बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेला असतो. मार्गातला रोध आता ओहमच्या शंभराव्या भागाच्या आसपास उरतो आणि शेकडो अँपिअर प्रवाह वाहू लागतो. ४०० अँपिअर धरले, तर १२ × ४०० = ४,८०० वॉट! पाणी तापवण्याचे १,५०० वॉटचे तीन हीटर एकदम लावल्यासारखेच हे झाले; आणि आजूबाजूला रबर, तेल व इंधन.

म्हणून ३० अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या धन टोकाच्या शक्य तितक्या जवळ बसवतात. तो काँप्रेसरजवळ बसवला तर बॅटरीपासून तेथपर्यंतची सारी तार उघडी, असंरक्षित राहील. फ्यूज यंत्राच्या रक्षणासाठी असतो असा समज आहे. खरे पाहता तो तारेच्या रक्षणासाठी असतो. त्यामुळे फ्यूज आणि तार यांची जोडी जुळलीच पाहिजे. दीड चौरस मिलिमीटरच्या तारेवर ३० अँपिअरचा फ्यूज लावला, तर फ्यूज शाबूत राहून आधी तारच जळेल.

फ्यूज नेमका वीस अँपिअरचा का नको? मोटर थांबलेली असते तेव्हा तिच्यात विरोधी विद्युत दाब निर्माण झालेला नसतो. त्यामुळे सुरू होण्याच्या क्षणी ती नेहमीपेक्षा बराच जास्त प्रवाह ओढते. तेवढी सूट ठेवावी लागते.

एवढा प्रवाह चालकासमोरच्या नाजूक बटणातून नेणेही बरे नव्हे. तेथे रिले कामाला येतो. बटणातून जाणारा एक अँपिअरहूनही कमी प्रवाह एका लहान विद्युतचुंबकाला जागा करतो, आणि तो चुंबक २० अँपिअरचे जाड संपर्क जोडतो. धाकट्याने थोरल्याला हुकूम सोडावा, तसेच हे. रिलेची तार इंजिनाच्या किल्लीशी जोडली, की किल्ली काढताच काँप्रेसर बंद होतो; तो चुकून चालू राहून बॅटरी संपण्याची भीती राहत नाही.

जागेची निवड

बॉनेटखाली जागा असते आणि बॅटरीही जवळ, पण तेथे उष्णता असते. काँप्रेसर दर फेऱ्याला ठराविक आकारमानाची हवा घेतो, ठराविक वस्तुमानाची नव्हे. आत घेतलेली हवा ३०° ऐवजी ८०° से. असेल, तर तिची घनता ३०३ भागिले ३५३, म्हणजे ०.८६ पट होते. तेवढ्याच मेहनतीत १४ टक्के हवा कमी! म्हणून हवा घेण्याची नळी आणि तिच्या तोंडाशी असणारी गाळणी थंड, धूळ कमी असलेल्या आणि ओढा ओलांडताना पाणी पोहोचणार नाही अशा उंच जागी आणतात. यंत्र धुरांड्याच्या नळीपासून दूर ठेवतात, आणि ज्या पत्र्यावर ते बसवायचे तो मजबूत असावा लागतो. खाचखळग्यांत गाडी उसळते तेव्हा चार किलोच्या यंत्राचा बोल्टांवरचा भार क्षणभर कितीतरी पट होतो. नट हादऱ्याने सैल होऊ नयेत म्हणून कुलपी नट वापरतात.

टाकी हवी की नको?

एस.टी. किंवा मालमोटार थांबताना होणारा "फुस्स" आवाज तुम्ही ऐकला असेल. हवेच्या ब्रेकांच्या या गाड्यांत इंजिनावर चालणारा काँप्रेसर आणि हवेच्या टाक्या असतात. ब्रेक दाबताक्षणी भरपूर हवा हवी, काँप्रेसरची वाट पाहून चालणार नाही, म्हणून तेथे टाकी अत्यावश्यक ठरते.

टायर भरण्याचे तसे नाही. चार लिटरच्या टाकीत काट्यावर ७ वातावरणे दाब आहे आणि टायर भरताना तो २ पर्यंत उतरतो, असे माना. मिळालेली हवा ४ × ५ = २० लिटर. एका टायरला ६० लिटर हवेत! म्हणजे सबंध टाकी रिकामी करून एका टायरचा दाब फक्त ५ पौंडांनी वाढला. घराच्या छपरावरील पाण्याची टाकी क्षणभराची गरज भागवते; विहिरीवरचा पंप लहान असेल तर ती शेत भिजवू शकत नाही. टायरांसाठी पैसे खर्चायचेच, तर मोठ्या टाकीऐवजी चांगल्या काँप्रेसरवर खर्चावेत.

टाकी बसवलीच, तर तीन झडपांशिवाय ती बसवू नये. पहिली एकदिश झडप, जी टाकीतील हवा उलट काँप्रेसरकडे येऊ देत नाही. दुसरी सुरक्षा झडप, जी दाब मर्यादेपलीकडे गेला की आपोआप उघडते. तिसरी तळाची निचरा झडप. हवेतील बाष्प दाबाखाली निवले की त्याचे पाणी होते, आणि दमट दिवसांत ते थेंबथेंब साठून टाकी आतून गंजवते. ठरावीक दाबाला मोटर बंद करणारा दाबस्विचही लागतोच. टाकी याच कामासाठी बनवलेली व तपासलेली असावी. जुना डबा किंवा प्लॅस्टिकचा नळ दाबाखाली फुटला, तर त्याचे तुकडे बंदुकीच्या गोळीसारखे उडतात.

दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, अमेरिकेने पाण्यात व जमिनीवर चालणारी डी.यू.के.डब्ल्यू. नावाची मालमोटार बनवली. तिच्या चालकाला आपल्या जागेवरून, चालत्या गाडीतच टायरांचा दाब कमीजास्त करता येई. समुद्रातून पुळणीवर येताना दाब कमी, पक्क्या रस्त्यावर जास्त. आपल्या जीपमधला बेताचा काँप्रेसर त्याच कुळातला आहे. फरक एवढाच, की नळी हातात धरून चार चाकांपाशी आपल्यालाच जावे लागते.

करून पाहा

सायकलचा पंप घ्या. नळीचे तोंड मोकळे ठेवून दांडा ३० वेळा जलद खालीवर करा आणि पंपाच्या तळाला हात लावून पाहा. पंप निवू द्या. मग नळीचे तोंड बोटाने घट्ट दाबून तेवढ्याच वेळा, तेवढ्याच जलद करा. दोन्ही वेळा दट्ट्याची ये-जा सारखीच होती. मग दुसऱ्या वेळची जास्तीची उष्णता कोठून आली? पंप कोठे अधिक तापला, तळाशी की मध्यावर?

विचार करा

१. वाळवंटात पहाटे १०° से. तापमानाला टायरात काट्यावर ३० पौंड दाब होता. दुपारी टायर ४५° से. झाला. आकारमान बदलले नाही असे धरून काटा किती दाखवेल?

२. आपल्या काँप्रेसरने पूर्ण बसलेला, म्हणजे काट्यावर शून्य दाब असलेला एक टायर ३० पौंडांपर्यंत भरायला साधारण किती मिनिटे लागतील?

३. काँप्रेसर बॅटरीपासून दूर, मागच्या डिकीत बसवला आणि तारेची एकूण लांबी १० मीटर झाली. घट ०.२३ व्होल्टच राहावी यासाठी तारेचा छेद किती हवा?

(उत्तरे : १. सुमारे साडेपस्तीस पौंड. केवल दाब घ्यायला विसरला असाल, तर उत्तर चुकले असेल. २. तीन मिनिटे. ३. पंधरा चौरस मिलिमीटर. म्हणूनच काँप्रेसर बॅटरीजवळ बरा.)

शेवटी एक सूचना. येथील गणिते तुम्ही वहीत खुशाल करा, आकडे बदलून पुन्हा करा. प्रत्यक्ष गाडीच्या तारांना मात्र जाणत्या मेकॅनिकच्या सोबतीनेच हात लावा, आणि त्याने काम सुरू करण्यापूर्वी त्याला एवढेच विचारा : "दादा, फ्यूज कोठे बसवणार?"